टॉवर हॅम्लेट्समध्ये नवे आहात? मतदान केंद्रावर जाण्याआधी एवढं वाचून घ्या

लंडनला नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या कामांची यादी ठरलेली असते. घर, बँक खातं, नॅशनल इन्शुरन्स नंबर, मुलांची शाळा आणि ज्वारीचं पीठ कुठे मिळतं याचा शोध. मतदारयादीत नाव घालणं त्यात सहसा नसतंच. ‘आपला पासपोर्ट भारताचा, आपला काय संबंध?’ पहिली दोन वर्षं मीही हेच म्हणत होतो. मग एका संध्याकाळी दारावर पत्रकं वाटणाऱ्या बाईंनी विचारलं, “मत कुणाला?” मी म्हटलं, मला मत नाही, मी भारतीय आहे. त्या हसल्या. “मग तर आहे की!” म्हणाल्या.

भारत राष्ट्रकुलात आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, राहण्याची वैध परवानगी असलेल्या राष्ट्रकुल नागरिकाला इथल्या सगळ्या निवडणुकांत मत देता येतं. कौन्सिलच्या, मेयरच्या आणि संसदेच्यासुद्धा. नोकरीचा व्हिसा, विद्यार्थी व्हिसा, जोडीदाराचा डिपेंडंट व्हिसा, सगळे चालतात. भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही.

कॅनरी वॉर्फच्या बँकांमध्ये आणि आयटीत काम करणारे बरेच मराठी लोक आइल ऑफ डॉग्जवर किंवा आसपास राहतात, म्हणजे टॉवर हॅम्लेट्स या बरोत. (बरो म्हणजे लंडनचा स्वतःची कौन्सिल, आपल्या भाषेत पालिका, असलेला विभाग.) म्हणून हा लेख त्याच बरोबद्दल आहे. आणखी एक कारण आहे. इथे मतदानाला गेलात की जे नियम समोर येतात, त्यांतल्या काहींचा उगम याच बरोच्या गल्लीबोळांत आहे. गोष्ट माहीत असली की नियम जाचक वाटत नाही, निदान कमी वाटतो.

पायरी १ : आपण नक्की कुणाच्या हद्दीत आहोत ते पाहा

पोस्टकोडवरून बरो ठरवू नका. त्या रेषा पोस्टाने त्याच्या सोयीने आखलेल्या आहेत. काउन्सिल टॅक्सच्या बिलावर वर जे नाव असेल ती तुमची कौन्सिल.

टॉवर हॅम्लेट्स हे नाव जुनं, पण बरो म्हणून जन्म १ एप्रिल १९६५चा. बेथनल ग्रीन, पॉप्लर आणि स्टेपनी या तीन जुन्या बरोंना एकत्र करून तो बनवला. बुजुर्ग रहिवासी आजही ‘मी पॉप्लरचा’ असं सांगतात, जसं पुण्यात कुणी ‘मी सदाशिव पेठेतला’ म्हणतं.

आता मेयरचा घोळ. लंडनमध्ये ‘मेयर’ म्हणजे कोण, हे विचारल्याशिवाय कळत नाही. एक मेयर ऑफ लंडन, सगळ्या महानगराचा, २००० पासून लोकांनी निवडलेला. बस, ट्यूब, पोलीस ही त्याची खाती. दुसरा लॉर्ड मेयर, तो शेजारच्या सिटी ऑफ लंडन या चौरस मैलाचा, जरीच्या झग्यातला. तिसरा आपल्या बरोचा मेयर. कचरा, वाचनालयं, शाळाप्रवेश, कौन्सिलची घरं, बांधकाम परवाने, पार्किंग, वृद्धांची देखभाल हे सगळं त्याच्या कारभारात येतं.

महाराष्ट्रातून आलेल्यांनी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकावी. आपल्याकडे महापौराला मान असतो आणि कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे. नगरसेवक महापौर निवडतात. इथे उलट आहे. टॉवर हॅम्लेट्सचा मेयर थेट मतदारांनी निवडलेला असतो आणि चाव्याही त्याच्याच खिशात असतात. तुलना करायचीच तर नगरपालिकेच्या थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाशी करा, तीही अर्धीच जुळेल. समारंभात फिती कापायला इथे वेगळी व्यक्ती आहे, तिला कौन्सिलची ‘स्पीकर’ म्हणतात. सगळ्या लंडन बरोंत असं नाही. बहुतेक ठिकाणी कौन्सिलर आपला नेता निवडतात. थेट निवडलेला मेयर मोजक्याच बरोंत आहे.

पायरी २ : नाव नोंदवा, आणि प्रत्येकाने आपलं आपण

सरकारी संकेतस्थळावर ‘रजिस्टर टू व्होट’ शोधा. पाच मिनिटांचं काम. पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो. तो नंबर अजून आला नसेल तरी अर्ज करता येतो, मग कौन्सिल इतर कागद मागते.

पूर्वी घरातली एक व्यक्ती सगळ्यांची नावं भरून पाठवायची. २०१४ पासून प्रत्येकाने स्वतःची नोंद करायची. आपल्या घरांत इथेच गफलत होते. नवरा नोंद करतो आणि समजतो की बायकोचंही झालं. नाही झालेलं. तिचा अर्ज वेगळा.

शेवटची मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी असते. घर बदललं की पुन्हा नोंद करायची. भाड्याच्या घरांत दर वर्षी बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. कौन्सिलने नाव नोंदवायला सांगूनही टाळाटाळ केली तर ८० पौंडांचा दंड होऊ शकतो. आणि मतांशी काडीचा संबंध नसलेला एक फायदा म्हणजे यादीत नाव असलं की मोबाइलचं कंत्राट किंवा कर्ज मिळताना पत तपासणीत मदत होते. अर्ज करताना ‘ओपन रजिस्टर’मधून नाव वगळायची खूण करा, नाहीतर जाहिरातवाले पत्ता विकत घेतात.

उमेदवार म्हणून उभं राहायचं असेल तर मात्र नुसता व्हिसा पुरत नाही, कायमच्या वास्तव्याची परवानगी लागते.

पायरी ३ : एक शनिवार काढा आणि इतिहास पायाखाली घाला

ही पायरी कुठल्याही सरकारी पत्रकात सापडणार नाही. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच.

सुरुवात पॉप्लरच्या हेल स्ट्रीटवर करा. तिथे भिंतीवर १९२१ च्या घरपट्टीच्या बंडाचं चित्र आहे. मामला असा होता. त्या काळी प्रत्येक बरोने आपल्या बेकारांना आणि गरिबांना आपल्याच घरपट्टीतून पोसायचं. पॉप्लर गोदी कामगारांची वस्ती, बेकारी भरमसाट, घरं पडकी, म्हणजे घरपट्टी कमी आणि खर्च जास्त. वेस्टमिन्स्टरसारख्या श्रीमंत बरोत नेमकं उलट. वर पुन्हा लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा यांचा हिस्सा दोघांनी भरायचा.

१९१९ च्या निवडणुकीत पॉप्लरमध्ये ४२ पैकी ३९ जागा मजूर पक्षाला मिळाल्या होत्या. रेल्वे कामगार, गोदी कामगार, गृहिणी, असे हे कौन्सिलर. त्यांनी ठरवलं की गरिबांची मदत कापायची नाही, वरचा हिस्सा भरायचा नाही. कोर्टाचा हुकूम आला, यांनी मानला नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये ३० कौन्सिलर तुरुंगात गेले. पुरुष ब्रिक्स्टनला, पाच बायका हॉलोवेला. त्यांतल्या नेली क्रेसॉल गरोदर होत्या. मला सगळ्यांत आवडतो तो पुढचा भाग: कौन्सिलच्या बैठका तुरुंगात भरू लागल्या आणि त्यासाठी हॉलोवेतल्या बायकांना मोटारीने ब्रिक्स्टनला आणावं लागे! सुमारे सहा आठवड्यांनी सगळे सुटले आणि गरीब-श्रीमंत बरोंमध्ये गरिबांच्या मदतीचा भार वाटून घेण्याचा कायदा झाला. त्याच दिवसांत आपल्याकडे असहकार चालू होता. बंडाचे म्होरके जॉर्ज लॅन्सबरी पुढे मजूर पक्षाचे नेते झाले. त्यांची सून मिनी लॅन्सबरी हीसुद्धा तुरुंगात होती. सुटकेनंतर थोड्याच आठवड्यांत, १९२२ च्या पहिल्या दिवशी, ती गेली. बो रोडवर तिच्या नावाचं घड्याळ आहे. शेजारच्या स्टेपनीत १९१९-२० मध्ये मेयर असलेला तरुण वकील म्हणजे क्लेमंट ॲटली, भारत स्वतंत्र झाला तेव्हाचा पंतप्रधान.

थोडं वाकडं वळण घेऊन मुंबईचीही आठवण काढू. कौन्सिलची नव्हे, संसदेची निवडणूक होती, पण याच भागातली. १८९५ मध्ये ईशान्य बेथनल ग्रीनने मुंबईचे पारशी वकील मंचरजी भावनगरी यांना हुजूर पक्षाकडून निवडून दिलं आणि १९०० मध्ये पुन्हा. त्यांचं राजकारण दादाभाईंच्या विरुद्ध टोकाचं. त्यामुळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना फारशी जागा मिळाली नाही, ते सोडा.

तिथून व्हाइटचॅपलला या. अल्ताब अली पार्कमध्ये बसा. हा तरुण बांगलादेशी कापड कामगार ४ मे १९७८ ला कामावरून घरी जाताना वंशद्वेषातून भोसकला गेला. त्या दिवशी कौन्सिलचं मतदान होतं आणि नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे उमेदवार उभे होते. दहा दिवसांनी हजारो लोक शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासापर्यंत चालत गेले. इथल्या बांगलादेशी समाजाचं कौन्सिलच्या राजकारणात उतरणं त्या मोर्चापासून वेगाने वाढलं. पुढच्या पिढीतले कौन्सिलर, नेते, मेयर त्या वाटेने आले.

१९८६ मध्ये लिबरल पक्षाने काठावरचं बहुमत मिळवलं आणि बरोचे सात ‘शेजार’ पाडून प्रत्येकाला स्वतंत्र कारभार दिला. कल्पना चांगली वाटते. घरांच्या वाटपावरून मात्र ‘आमचे आधी’ हे राजकारण पेटलं.

त्याचं टोक आइल ऑफ डॉग्जवर, म्हणजे आज जिथे आपली मंडळी काचेच्या मनोऱ्यांत राहतात तिथे, दिसलं. १६ सप्टेंबर १९९३, मिलवॉल वॉर्डची पोटनिवडणूक. ब्रिटिश नॅशनल पार्टी या वंशवादी पक्षाचा डेरेक बीकन १,४८० मतं घेऊन जिंकला. मजूर पक्षाला १,४७३. सात मतं! त्या पक्षाचा तो देशातला पहिला कौन्सिलर. आठ महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, पुन्हा निवडणूक झाली. बीकनची मतं आणखी वाढली, तरीही तो हरला, कारण आधी घरी बसलेले लोक या वेळी रांगेत उभे राहिले. कुणी मला ‘एका मताने काय होतं’ म्हणालं की मी सात हा आकडा सांगतो आणि चहा मागवतो.

आता अलीकडची गोष्ट, जी इथे जपूनच सांगावी लागते. ६ मे २०१० ला बरोत सार्वमत झालं: थेट मेयर हवा का? ६०,७५८ हो, ३९,८५७ नाही. ऑक्टोबरात पहिली मेयर निवडणूक. मजूर पक्षाने आधी उमेदवारी देऊन मग काढून घेतलेले लुत्फर रहमान अपक्ष उभे राहिले आणि पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकले. मे २०१४ मध्ये ते पुन्हा जिंकले, ३,२५२ मतांनी. मोजणी इतकी लांबली की अधिकारी आणि प्रतिनिधी दोघेही पेंगत होते म्हणतात.

मग चार मतदार कोर्टात गेले. इथल्या कायद्यात स्थानिक निवडणुकीला आव्हान द्यायला उमेदवार तरी लागतो किंवा निदान चार मतदार. २३ एप्रिल २०१५ ला निवडणूक न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली. भ्रष्ट आणि बेकायदा मार्गांबद्दल रहमान यांना त्यांच्या स्वतःच्या आणि त्यांच्या माणसांच्या कृत्यांसाठी दोषी धरलं आणि पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी घातली. निकालात बोगस मतं, पोस्टल मतांतले गैरप्रकार, अनुदानांचा वापर आणि धर्मगुरूंच्या पत्राने आणलेला दबाव हे सगळं आलं. रहमान यांनी आरोप कायम नाकारले. पोलीस तपासातून पुढे फौजदारी खटला उभा राहिला नाही. जून २०१५ च्या फेरनिवडणुकीत मजूर पक्षाचे जॉन बिग्ज आले, २०१८ मध्येही तेच. बंदी संपल्यावर २०२२ मध्ये रहमान पुन्हा उभे राहिले आणि बिग्जना ४०,८०४ विरुद्ध ३३,४८७ मतांनी हरवून परत आले. त्यांच्या ॲस्पायर पक्षाला ४५ पैकी २४ जागा मिळाल्या.

याचा अर्थ काय, यावर माझ्या इमारतीतले दोन शेजारी अजून लिफ्टमध्ये भांडतात. एक म्हणतो लोकांनी अन्याय पुसला, दुसरा म्हणतो लोकांना विसर पडला. मी मधल्या मजल्यावर उतरतो.

अधिक खोलात जायचं असेल तर माइल एंडजवळ बॅन्क्रॉफ्ट रोडवर बरोचं स्थानिक इतिहास ग्रंथालय आहे. जुनी प्रचारपत्रकं आणि छायाचित्रं तिथे बघायला मिळतात.

पायरी ४ : ओळखपत्र, म्हणजे त्या गोष्टीचं शेपूट

२०१५ च्या निकालानंतर सरकारने माजी मंत्री एरिक पिकल्स यांना निवडणुकीतल्या गैरप्रकारांचा आढावा घ्यायला सांगितलं. त्यांनी २०१६ मध्ये सुचवलेल्या उपायांत ओळखपत्र दाखवणं होतं. २०२२ च्या कायद्याने फोटो ओळखपत्र आलं आणि इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून लागू झालं. त्याआधी नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात पडायची. भारतातून आलेल्याला हे ऐकून चक्कर येते.

भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुलातले पासपोर्ट मान्य आहेत. मुदत संपलेला असला तरी फोटो तुमच्यासारखा दिसत असेल तर हरकत नाही. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, शिकाऊसुद्धा. आधार, पॅन, भारतातलं लायसन्स, ऑफिसचं कार्ड चालत नाही. चालणारं काहीच नसेल तर फुकट मतदार प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी मतदानाच्या सहा कामकाजी दिवस आधीपर्यंत अर्ज करा.

बायकांनी एक पाहावं. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि यादीत सासरचं, असं असेल तर लग्नाचा दाखला बरोबर ठेवा. हा प्रश्न सर्वांत जास्त आपल्यालाच येतो.

पायरी ५ : मतपत्रिका वाचायला शिका

मे महिन्यातला गुरुवार, सकाळी ७ ते रात्री १०. सुट्टी नसते, त्यामुळे ऑफिसआधी किंवा नंतर. १० वाजता रांगेत असलात तरी मत देता येतं. केंद्र एखाद्या शाळेत, चर्चमध्ये, कधी पबमध्येही असतं. घरी आलेलं पोल कार्ड नसलं तरी चालतं, पण केंद्राचा पत्ता त्यावरच असतो. मतदान यंत्र नाही, बोटाला शाई नाही, ‘नोटा’ही नाही. कागद आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल.

मेयर आणि कौन्सिलर अशा दोन वेगळ्या मतपत्रिका मिळतात. मेयरसाठी एक फुली. २०२२ पर्यंत पहिली आणि दुसरी पसंती अशा दोन फुल्या असत; नंतर कायदा बदलला. असे बदल होत राहतात, म्हणून कागदावर वर छापलेली सूचना आधी वाचा, शेजारच्या काकांचं ऐकू नका. कौन्सिलरसाठी वॉर्डावर अवलंबून आहे. बरोत २० वॉर्ड, ४५ कौन्सिलर. बहुतेक वॉर्डांत दोन किंवा तीन, लाइमहाउस आणि पॉप्लर वॉर्डांत एकेकच. पुण्याच्या प्रभागासारखं अ, ब, क, ड गटांत वेगवेगळं मत द्यायचं नसतं. एकाच यादीत, जितक्या जागा तितक्यांपर्यंत फुल्या. कमी चालतात, एक जरी जास्त झाली तरी मत बाद.

बूथमध्ये एकट्याने जा. दुसऱ्याचं मत वळवायला त्याच्यासोबत बूथमध्ये जाणं किंवा जवळ उभं राहणं आता गुन्हा आहे. २०२३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला. ‘अगं, कुठे फुली मारायची?’ हा संवाद घरी उरकून घ्या. लहान मुलांना नेता येतं. आत फोटो काढू नका. दाराबाहेर पक्षाच्या रंगाची फीत लावलेलं कुणी तुमचा यादीतला क्रमांक विचारेल. तो पक्षाचा स्वयंसेवक, अधिकारी नव्हे. सांगायची सक्ती नाही.

ऑफिसच्या प्रवासामुळे गावात नसाल तर ११ कामकाजी दिवस आधीपर्यंत पोस्टल मतासाठी अर्ज करा. त्यात सही आणि जन्मतारीख अर्जाशी जुळावी लागते. भरलेलं पाकीट पत्रकं वाटायला आलेल्या कार्यकर्त्याच्या हातात देऊ नका, तो कितीही गोड बोलला आणि तुमच्याच भाषेत बोलला तरी. त्याने ते घेणंसुद्धा आता गुन्हा आहे.

पायरी ६ : निकालानंतर ‘सर्जरी’ला जा

घाबरू नका, दवाखाना नव्हे. कौन्सिलर ठरलेल्या दिवशी वाचनालयात किंवा समाजमंदिरात बसतात, त्या बैठकीला सर्जरी म्हणतात. वेळा कौन्सिलच्या संकेतस्थळावर असतात. मी पहिल्यांदा गेलो तो इमारतीच्या कचरापेट्यांची तक्रार घेऊन. माझ्या पुढे सिल्हेटच्या एक आजी होत्या, मागे मिलवॉलमध्येच जन्मलेला निवृत्त गोदी कामगार. तिघांचीही तक्रार कचऱ्याचीच होती. जाताना तक्रारीचे फोटो आणि कौन्सिलशी झालेल्या जुन्या पत्रव्यवहाराचा क्रमांक न्या, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.